डेल्मरला उरलेलं काम

मोंटानातल्या त्या गावात डेल्मर हस्टेडने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, पण लोक त्याला ओळखत ते काडतुसांसाठी. उडवून झालेल्या पितळी पुंगळ्या जमवायच्या, त्यांत बंदुकीची दारू मोजून भरायची, वर गोळी बसवायची. त्याआधी प्रत्येक गोळी काट्यावर चढायची. एकाच डब्यातल्या गोळ्यांतही केसभर फरक असतो, म्हणून तो सारख्या वजनाच्या गोळ्या बायकोच्या, व्हर्लाच्या, केकच्या साच्यातल्या बारा खळग्यांत वेगवेगळ्या लावायचा. हरणांच्या शिकारीचे दिवस आले की अर्धं गाव त्याच्या दारात.

मार्चमध्ये शेजारच्या रॉयसला डेल्मरने भरलेल्या एका पुंगळीत दोनदा दारू पडलेली दिसली. "ही उडवली असती तर बंदूक तोंडावर फुटली असती, व्हर्ला," तो हळूच म्हणाला. डेल्मरचं विसरण्याचं दुखणं वाढत जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं. व्हर्लाने दारूचे डबे रॉयसकडे पाठवून दिले.

"दारूचं रॉयस बघेल," तिने नवऱ्याला सांगितलं. "तू फक्त गोळ्या तोल. तुझ्यासारखा हात कुणाचा आहे?"

"रॉयसचा तर नाहीच. त्याला स्वतःच्या पोटाचं वजन कळत नाही!"

नुसत्या गोळ्या तोलण्यात धोका नव्हता. पण गोळ्या होत्या चारशे, त्या चार दिवसांत संपल्या. मग दुपारी तो आडवा झाला की व्हर्ला वेगळ्या लावलेल्या गोळ्या पुन्हा एकत्र ओतायची. देवा, एवढी लबाडी पदरात घे, म्हणायची. सकाळी तो नव्या उमेदीने बसे.

ऑगस्टमध्ये एकदा तो गोळी बोटांत धरून थांबला. "हिच्या बुडाला चीर आहे. ही मी काल तोललीय."

व्हर्ला साच्याच्या कडा पुसू लागली.

"तोललीय ना? की माझंच डोकं..."

कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्याला कालचं काही बरोबर आठवलं होतं. ते हिरावून घ्यायला तिचं मन धजेना.

"तोललीस. मी रोज परत मिसळते."

"बघ! आठवलं की नाही मला?" तो हसला. मग ते हसू हळूहळू उतरलं. "आणि दारू? तीही तूच काढून घेतलीस?"

तिने होय म्हणून मान हलवली.

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना, डेल्मर."

त्याने काटा बंद केला, त्यावर फडकं नीट पसरलं. त्या दिवशी जेवणाआधीची प्रार्थना तिने एकटीनेच म्हटली. आणि मनातल्या मनात आणखी एक मागणं मागितलं, हे एवढं तरी त्याला विसरू दे.

दोन दिवस तो खिडकीशी बसून राहिला. तिसऱ्या सकाळी अंड्यांची बशी बाजूला सारून म्हणाला, "व्हर्ला, आज तोलायला आहे ना गं काही? उगाच रॉयसचं काम अडायला नको."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे त्या दिवसाचं काहीच उरलं नव्हतं.

"आहे ना," ती म्हणाली. डबा आणायला म्हणून आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.