थोरल्याचं दार

पाटोद्यात आमच्या गल्लीतले गिरणीवाले काका. गावभर फिरून मोबाइलमध्ये प्राणी पकडायचा खेळ आला, तेव्हा पोरांसोबत तेही हिंडू लागले. पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया मोबाइलवर झुकवून ते रोज एकाच दारासमोर थांबायचे. ते त्यांच्या थोरल्या भावाचं दार होतं. आई गेल्यापासून दोघं बोलत नव्हते.

पुढं पोरांनी खेळ सोडला, तरी काका येतच राहिले. एकदा मी जवळून पाहिलं, तर मोबाइल बंद होता.

तेवढ्यात त्यांच्या वहिनी दारात आल्या. "भावजी, आत या की. च्या ठिवलाय."

"न्हाई वैनी," काका म्हणाले, "हितंच लई सापडतंय."

वहिनींनी चहा बाहेर आणून दिला. आतून भावाच्या खोकण्याचा आवाज आला. चहा निवला तरी काका कप हातात धरून ऐकत उभे होते.