चाचांची सात मतं

तुला सांगतोय, कारण तू गफूर चाचांना ओळखत नाहीस. त्यांना ओळखणाऱ्या कुणाला सांगायची हिंमत मला झाली नाही — ना बायकोला, ना कंपनीतल्या भागीदाराला. आईला तर मुळीच नाही. ती अजून अधूनमधून विचारते, चांगलं चाललेलं दुकान सोडून गफूरभाई गेले कशाला? मी म्हणतो, वय झालं. आज लिहायला बसलो तरी दोनदा उठून पाणी पिऊन आलोय.

आधी कंपनीचं सांगतो. बघ, लगेच फाटा फोडला — पण त्याशिवाय कळायचं नाही. पुण्यात दोन वर्षं नोकरी करून मी अंबाजोगाईला परतलो, आणि झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत वैभवबरोबर जाहिरातींची कंपनी काढली. मोबाइलवर लोक जाहिरात बघतात आणि पुढे सरकतात. आमची जाहिरात त्यांनी बोटाने खेळायची, अशी कल्पना. साडीचा रंग बदला, अर्धा उखाणा पुरा करा, फोटोतली सीताफळं मोजून सांगा. घाटनांदूरपासून युसूफ वडगावपर्यंत लोक खेळायचे. आम्हाला आभाळ ठेंगणं झालं होतं. त्या आनंदात खोटं काही नव्हतं. खोटं नंतर आलं.

बाजारात तयार कपड्यांचं मोठं दुकान उघडलं. लग्नसराई तोंडावर होती, मालकाला जाहिरात हवी होती. मी सुचवलं — मीच, वैभवने नव्हे — की 'नवरदेवाचे कपडे शिवलेले की तयार?' असं लोकांचं मत घेऊ. एका बाजूला चकचकीत दुकान, दुसऱ्या बाजूला एखादा शिंपी. मतं मिळतील त्याचा फोटो मोठा होईल, दुसऱ्याचा बारीक. शिंपी कोण घ्यायचा? माझ्या मोबाइलमध्ये गफूर चाचांचा फोटो होता. मशीनवर वाकलेले, गळ्यात टेप, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

त्यांना विचारलं का? नाही. घरच्या माणसाला काय विचारायचं, असं वाटलं असेल. आणि घरचेच होते ते. माझ्या शाळेच्या सगळ्या पँटी त्यांनी शिवल्या, प्रत्येकीला आतून जास्तीची दुमड ठेवून. मी उंच झालो की आई ती उसवायची आणि पँट आणखी एक वर्ष निघायची. दुमड ठेवा म्हणून त्यांना कधी सांगावं लागलं नाही.

दोन दिवसांत दुकानाचा फोटो बारीक होत गेला. लोक चाचांना मत देत होते! कुणी कुठे बोट लावलं ते आम्हाला नावासकट दिसायचं. शाळेतले सर, दवाखान्यातला कंपाउंडर, रिक्षावाले, केजकडचे पुढच्या महिन्यातले नवरदेव. ती नावं वाचताना मला हसू फुटत होतं — अभिमानच वाटत होता म्हण ना. मग मालकाचा फोन आला. "जाहिरात माझी हाय का त्या शिंप्याची, बे?"

तर — मी खरी मोजणी लपवली आणि आकडे हाताने भरले. दुकानाला शंभरातले त्र्याण्णव, चाचांना सात. शून्य लिहायला हात धजावला नाही. काय पण दया माझी!

पण थांब. कबूल करायचंय ते हे नाही. एवढंच असतं तर कदाचित मी कधीतरी कुणाला हसत हसत सांगून मोकळा झालो असतो.

आठवड्याभराने चाचा आमचा जिना चढून आले. बाजारात त्यांची चेष्टा सुरू झाली होती, कुणीतरी जाहिरात त्यांना दाखवलीही होती. फोटोवरून भांडतील म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. ते खुर्चीच्या कडेवर बसले, घाम पुसला. सात म्हणजे शंभरातले सात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. साऱ्या गावातून सातच माणसं आपल्या बाजूची निघाली, असं ते धरून चालले होते.

म्हणाले, "बेटा, माज्याच कामात कसर पडली आसंल, न्हाई म्हणत न्हाई. पर ते सात जण कोण हायेत, तेवढं सांग. त्येंला सलाम करून येतो."

माझ्यासमोर संगणकावर खरी यादी उघडी होती. पानंच्या पानं नावं. नुसती वाचायची होती रे! मालक तिथे नव्हता, वैभव बाहेर गेला होता. मला अडवणारं कोण होतं? मी यादीतली सहा नावं वाचली. थांबलो. आणि सातवं नाव माझं सांगितलं.

चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुजं मला ठावंच व्हतं," म्हणाले.

ते खरंच त्या सहा जणांना भेटून आले. सहाही जणांनी, हो, आम्ही दिलं मत, असं सांगितलं. त्यामुळे माझं बिंग कधी फुटलंच नाही. पण चाचा बाजारातून खाली मान घालून चालायला लागले. कपिलधारच्या यात्रेत मला तो दवाखान्यातला कंपाउंडर भेटला. म्हणाला, "चाचा आजकाल वळकच देईनात, कावून रागावलेत?" त्याचं नाव यादीत होतं, मी चाचांना वाचून दाखवलं नव्हतं. त्यालाही म्हटलं, वय झालं. पुढे ईदच्या तोंडावर, ऐन कामाच्या दिवसांत, चाचांनी मशीन विकली आणि लातूरला लेकीकडे राहायला गेले. लोक म्हणाले, नजर गेली असेल.

नजर ठीक आहे त्यांची. अजूनही आहेत ते, लातूरलाच. बसने दीड तासाचा रस्ता आहे. सहा वर्षांत मी एकदाही गेलो नाही. दर ईदला तेच फोन करतात, 'माज्या सातातला' म्हणून हाक मारतात, आणि मी ओ देतो. ते तयार कपड्यांचं दुकान अजून आमचं गिऱ्हाईक आहे.

खरी यादी मी पुसलेली नाही. कधीतरी उघडतो, वरपासून खालपर्यंत वाचतो. अर्धा बाजार आहे तिच्यात. माझं नाव नाही. मी मत दिलंच नव्हतं.