वाळूतले दोन खड्डे

तेलगावच्या चौकात सायकली दुरुस्त करणारा तो माणूस दुकानात बसलेला मी कधीच पाहिला नाही. स्टूलच नाही तिथं. चहासुद्धा उभ्यानं, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत पितो.

बसवत मलाही नव्हतं. हौसेनं घेतलेल्या रेसिंग सायकलवर दहा किलोमीटर झाले की बूड पेटायचं. वैतागून चौथी सीट घेऊन गेलो, चांगली जाड, मऊ. त्यानं ती अंगठ्यानं दाबली आणि माझ्याच हातात परत दिली.

"कावून आणता असल्या गाद्या? मान्सानं दोन हाडावर बसायचं असतंय. ही वापस करा."

मग घमेल्यात ओली वाळू आणली आणि भर चौकात मला तिच्यावर बसवलं. लोक हसत होते. मी उठलो तसं त्यानं वाळूतल्या दोन खड्ड्यांमधलं अंतर बोटांनी मोजलं, भिंतीला टेकवलेल्या स्वतःच्या जुन्या सायकलची चामडी सीट मोजली, आणि मी नको नको म्हणेपर्यंत ती काढून माझ्या सायकलला कसली.

"लई वर्सं घासलीय. आता टोचायची न्हाई."

खरंच टोचली नाही. धारूरच्या घाटापर्यंत न थांबता गेलो. परतताना तो समोरून घरी निघालेला दिसला. खाली नुसता लोखंडी दांडा, आणि हा उभ्यानं पायडल मारतोय.

"बसवतंय का आता?" त्यानं न थांबताच विचारलं.

दिवसभरात तो जिथं बसायचा ती एवढी एकच जागा होती. मी सीटवरून उठलो आणि घरापर्यंत उभ्यानंच पायडल मारत गेलो.