चार एकरांचा एक नमुना

सन १९९६, मे महिन्याची अखेर. जमीन चार एकर, नमुना एक. जागेवर हजर तिघं: मी, वरची बाय आणि तिचा दीर.

पेठ तालुक्यातल्या त्या पाड्यावर तिचं घर उतारावर सगळ्यांत उंच होतं, म्हणून ती वरची बाय. वय पन्नाशीचं, नवरा जाऊन वर्ष झालेलं, जमीन दिराशी सामाईक. मी नाशिकच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत सहायक. माझ्याकडे उपकरणं होती, तिच्याकडे मूठ. लोट्यातलं पाणी शिंपडून ती माती मुठीत दाबायची आणि मूठ उघडून दाखवायची. "वरली राहतच नाय, मधली फुटती, खालली बोटं धरती." वर मुरूम आणि जेमतेम वीतभर माती, तिथं नागली. मध्ये वरई. तळाला पावसानं वाहून आणलेली खोल, चिकण माती. भाताची पन्नास गुंठे खाचरं तेवढी तिथंच.

ती मोजकं बोलायची. त्या दिवशी मात्र दोनदा म्हणाली, "भाऊ, तीन पिशव्या भर." उतार बदलला की नमुना वेगळा, हा नियम मला पाठ होता. पण पिशवी एकच उरली होती आणि एसटीची वेळ झाली होती. मी तिन्ही ठिकाणची माती एका घमेल्यात कालवली. ती घमेल्यात डोकावली. "आता इचार तिला, तू कुठली म्हणून."

अहवाल आला: जमीन मध्यम. पेरणीआधी वाटणी झाली, तेव्हा दिरानं तोच कागद पंचांपुढं ठेवला. माती सगळीकडे सारखीच, मग वर काय नि खाली काय; वहिनीचं घर वर आहे, तिला वरचेच दोन एकर सोयीचे. पंचांनी मान्य केलं. कागदावर सही माझी होती.

हे मला ऑगस्टमध्ये कळलं. ती नाशिकला आली, भांडली नाही, मातीच्या तीन पुरचुंड्या टेबलावर ठेवल्या. "आता तरी येगळं येगळं लिव्ह."

मी स्वतः जाऊन तीन नमुने घेतले, तीन अहवाल केले आणि पंचांना सांगितलं की चूक माझी. दीर म्हणाला, "सायबाची माती दोन महिन्यांत बदलली व्हय?" सगळे हसले. सर्वांत म्हातारे पंच तेवढे हसले नाहीत. ते म्हणाले, "बाय खरं बोलती, हे आपल्याला ठावं होतं. कागद बघून गप बसलो."

पण खाचरांत भात उभा होता. तो कापल्यावर पंच पुन्हा बसले. वरपासून खालपर्यंत उभी वाटणी करावी, म्हणजे दोघांना तिन्ही प्रकारची माती मिळेल, असं तिचं म्हणणं. दीर शेवटपर्यंत कबूल झाला नाही.

त्यानंतर मी कधी दोन उतारांची माती एकत्र केली नाही. नव्या सहायकांना पहिल्या दिवशी मूठ दाबायला लावायचो. तिला याचा उपयोग नव्हता.

तिच्या हक्काची खाचरं पंचवीस गुंठे. दिरानं सोडलं ते एक खाचर, पाच गुंठ्यांचं. उरलेले वीस गुंठे २००४ साली ती वारली तेव्हाही त्याच्याकडेच होते.