रक्ताआधीच्या चार चौकटी

खांडबाऱ्याची आफशीन घरी बसून चित्रपटांतील जखमा संगणकावर रंगवते. गेल्या महिन्यात तिच्याकडे एक दृश्य आले. त्यात खलनायकाच्या खांद्यात कुऱ्हाड रुतते आणि हाड फुटते. चित्रपटाच्या एका सेकंदात चोवीस चौकटी, म्हणजे फ्रेम, असतात. घावानंतरच्या पहिल्या चारांत तिने रक्त दाखवलेच नाही. मुंबईच्या स्टुडिओतील पर्यवेक्षक व्हिडिओ कॉलवर संतापला.

“बाई, रक्त कुठंय? आजच दुरुस्त करा, नाहीतर उद्यापासून काम बंद.”

“सर, खोल जखम आधी पांढरी दिसते. रक्त मागून येतं.”

“हे कुठं शिकलात?”

शेजारी बसलेल्या तिच्या वडिलांनी, जब्बार सुतारांनी, आपला उजवा हात कॅमेऱ्यासमोर धरला. त्याला तीनच बोटे होती. यंत्राच्या करवतीने बाकीची दोन तोडली, तेव्हा फळीचे दुसरे टोक आफशीननेच धरलेले होते.

“आधी हाड दिसनं, भाऊ,” ते म्हणाले. “मंग रगत उनं.”

 त्या चार चौकटी मंजूर झाल्या आणि आफशीनचे कामही टिकले. पुढच्या चौकटींत मात्र पर्यवेक्षकाने रक्त छतापर्यंत उडवायला लावले.

ते पाहून जब्बार लेकीला म्हणाले, “इतलं? मन्हं रगत तं एक रुमालमा मावनं व्हतं.”