पुढचा पहारेकरी

मी त्या सप्ताहाला देवासाठी गेलो नव्हतो, जेवायला गेलो होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. जुन्नरला विज्ञान शाखेच्या शेवटच्या वर्षाला होतो. आमचं घर घोडेगावच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. तिथून रोज ये-जा शक्य नव्हती, म्हणून एका पत्र्याच्या खोलीत राहायचो. सुट्टीच्या दिवशी नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची क्रेट उचलायचो, त्यावर खोलीभाडं निघे. परीक्षेची फी भरली तेव्हा खानावळीचे पैसे द्यायचे राहिले आणि मार्चअखेर माझी खानावळ बंद झाली. वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, हे वर्ष कसंबसं करतो, पुढचं होणार नाही. म्हणजे नापास होण्याची मला सोय नव्हती. त्या दिवसांत मी देवावर रागावलेला नव्हतो. रागावण्याइतकी ताकदच उरली नव्हती. पुस्तक उघडलं की ओळी डोळ्यांसमोरून जायच्या, आत काही उतरायचं नाही.

येडगाव धरणाच्या बाजूच्या एका गावात मारुतीच्या देवळात अखंड हरिनाम सप्ताह बसला होता. दोन्ही वेळा पंगत असते, कोणी कोणाला विचारत नाही, एवढं मला ठाऊक होतं. पहिल्या दिवशी संध्याकाळी गेलो, दुसऱ्या दिवशी गेलो, तिसऱ्या दिवशीही गेलो. तिसऱ्या दिवशी भात वाढणारा एक जण हसत म्हणाला, "पावणं, उद्या येताना पुस्तकं बी आणा. हितंच अभ्यास करा, हितंच ऱ्हावा." पंगत हसली. त्याच्या मनात काही वाईट नसावं. मी मात्र पुढचा भात नको म्हणालो.

देवळात वीणेच्या पहाऱ्याची व्यवस्था एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे होती. गाव त्यांना आबा म्हणे. हात धुताना ते जवळ आले. "फुकट खातोय असं वाटतंय न्हवं तुला? मग पहारा घे. सकाळचं दोन तास उभं ऱ्हायला माणूस मिळना मला." मी हो म्हणालो. सप्ताहात वीणा रात्रंदिवस कोणाच्या तरी गळ्यात असते. दोन तास झाले की पुढचा पहारेकरी येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. सात दिवस ती जमिनीला टेकत नाही. रात्री देवळातच झोपायचो, सकाळी सहा ते आठ पहारा, मग आठनंतरची जुन्नरची एसटी देवळासमोरच मिळे. कॉलेजच्या वेळेशी ते नीट जुळत होतं.

सहाव्या दिवशी माझी रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा होती. ती बुडाली तर वर्ष गेलं. नेहमीप्रमाणे मी पहाऱ्याला उभा राहिलो. आठ वाजायच्या सुमारास गावात लाईट आली. आदल्या दिवसापासून ती नव्हती आणि शेतात कांदा उभा होता. देवळात बसलेली माणसं एकेक करून उठली आणि मोटारी चालू करायला निघून गेली. माझ्यानंतर ज्याचा पहारा होता, तोही बाहेरच्या बाहेर पाण्याला गेल्याचं एका पोरीनं येऊन सांगितलं. मागे चुलवणावर बाया होत्या, पण त्या काळी त्या गावात बायका वीणा घेत नसत. आबांनी खांबाला धरून उठायचा प्रयत्न केला. त्यांच्या गुडघ्यांनी ऐकलं नाही, ते पुन्हा बसले.

"आबा, माझी परीक्षा हाय," मी म्हणालो.

"येईल कुणीतरी. टेकवू नको रं पोरा. सहा दिस झालं, भुईला लागली न्हाई."

समोर भिंतीला खुंटी होती. वीणा तिला अडकवून निघून गेलो असतो तर काही झालं नसतं, असं मला तेव्हा वाटत होतं. आजही त्याबद्दल मी वाद घालणार नाही. पण हात वर गेला नाही. ही भक्ती होती असं म्हणणं खोटं ठरेल. परीक्षा, फी, वडील, खानावळ, या सगळ्याचा हिशेब करून मी इतका थकलो होतो की आणखी एक निर्णय घेणं झेपत नव्हतं. तो मी सोडून दिला. दोन दिवस पहाऱ्यात तोंडानं नुसतं म्हणत होतो ते रामकृष्णहरी त्या दिवशी पहिल्यांदा मला स्वतःला ऐकू आलं.

एसटी आली आणि समोर थांबली. खिडकीतून एका माणसानं देवाला हात जोडले, मग माझ्याकडे पाहिलं. काय दिसलं त्याला, ठाऊक नाही. तो खाली उतरला. पन्नाशीचा, धुतलेला पण विटका सदरा, हातात कापडी पिशवी.

"कुठं जायचंय तुला?"

"जुन्नरला. परीक्षा हाय."

"मग हितं काय करतुयास?"

"पुढचे पाण्याला गेलेत."

त्यानं पिशवी कोपऱ्यात ठेवली, नळावर हातपाय धुतले, बुक्का लावला आणि माझ्या पाया पडला. मी त्याच्या पाया पडलो. वीणा माझ्या गळ्यातून त्याच्या गळ्यात गेली. बाहेरून कंडक्टर ओरडला, "ओ राव, मुक्काम करताय का?"

"माझं तिकीट जुन्नरपातूर हाय," तो तिथूनच म्हणाला. "त्याच्यावर या पोराला न्या."

कंडक्टर पुटपुटला, पण त्यानं मला घेतलं. त्या माणसाची जागा अजून रिकामी होती. मी तिथे बसलो. परीक्षेला वेळेवर पोचलो आणि पुढे पासही झालो.

दुसऱ्या दिवशी काल्याला गेलो तो त्याचे आभार मानायला. आबा म्हणाले, "लई येळ उभा व्हता. लाईट गेली तवा गडी आलं, मग दिली त्यानं. जेव म्हनलं तर न्हाई म्हनाला, उशीर झालाय म्हनला."

"कुठला होता? कुठं चालला होता?"

"इचारलं न्हाई."

"का नाही?"

आबांनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. "तुला तरी कुठं इचारलं व्हतं आमी?"

पुढे आयुष्यभर मी लोकांना नाव, गाव, कारण विचारत आलो. माझा तो व्यवसायच होता. त्या माणसाचं यातलं काहीच मला कधी कळलं नाही. जुन्नरला त्याचं काय काम होतं आणि माझ्यासाठी ते किती लांबलं, हेही नाही. ज्याचे आभार मानायचे तो सापडत नाही म्हणून मी देवाचे मानतो. ओझं खाली टाकता आलं नाही तरी ते घ्यायला कोणीतरी येतं, एवढंच मला त्या सकाळी कळलं, आणि ते मला अजून पुरलं आहे.

अजूनही वर्षातून एकदा मी त्या देवळात सकाळच्या पहाऱ्याला उभा राहतो. पुढच्याला कधी कधी उशीर होतो. मी दाराकडे पाहत नाही.