निळं पिंप

नळाला पाणी आलं की रिकाम्या पिंपाच्या तळाशी पहिली धार वाजते आणि माझी मान खाली जाते. मोबाइलवरच्या रमीत पगार उडाला, तेव्हा बायको माहेरी असताना मी घरातलं निळं पिंप गल्लीतल्या चहावाल्याला विकलं. तेही पैसे तासाभरात हरलो. ती आल्यावर सांगितलं, पिंप फुटलं. सोलापुरात पाणी येतं चार दिवसांआड, म्हणून तिनं कुकर, डबे, परातसुद्धा भरून ठेवली. तरी तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. मग ती चहावाल्याकडून घागर घेऊन आली, पेला भरून माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, “प्या की, आपल्याच पिंपातलं हाय.” आजही लाज वाटते ती याची, की मला तहान लागली होती आणि मी ते गटागटा प्यायलो.